घोडा धरणारा माणूस

काल आईचा फोन आला. होस्टेलच्या ऑफिसातला फोन, मागे मुलींची रांग, समोर रेक्टर मॅडमचं घड्याळ. अशा फोनवर आई आधी मोठ्यानं बोलते, मग काय सांगायचं होतं तेच विसरते आणि ठेवता ठेवता मुद्द्याचं सांगते. कालही तसंच झालं. “टोमॅटोला बाजार न्हाई... पाऊस हाय बारीक... ठिवते मग. आन् हां, ग्रंथ लागला बरं का. तात्यांनीच लावला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापास्नं कुणाला हात लावू देत न्हाईत.”

ग्रंथ लागला म्हणजे वर्षावास सुरू झाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ मोठ्यानं वाचतात. आमची वस्ती येडगावच्या धरणाच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. पंचवीस-तीस घरं, एक विहार, विहाराला पुढे पत्र्याची पडवी. पुण्यात पाऊस खिडकीतून दिसतो. तिकडे तो पत्र्यावर ऐकू येतो आणि वाचणाऱ्याला आवाज चढवावा लागतो. फोन ठेवला आणि माझा घसा उगाच खाकरला गेला.

चार वर्षांपूर्वीचा वर्षावास मला आठवतो तो बोटांवरून. टोमॅटोचा हंगाम तेव्हाच असतो. टोमॅटोच्या झाडाला हात लागला की बोटांना हिरवट-काळं काहीतरी चिकटतं, साबणानं जात नाही. कच्चा टोमॅटो फोडून त्याच्या रसानं चोळलं तर थोडं जातं. मी सकाळी आईबरोबर तोडा करून, दहाच्या एसटीनं कॉलेजला जायचे. वर्गात वही उघडताना बोटं मुठीत धरायचे. त्या वर्षी मी एफ.वाय.ला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे कॉलेजात हात कुठे ठेवायचे हेसुद्धा सांगणारं कोणी नव्हतं.

तात्या म्हणजे माझे आजोबा. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर वस्तीत रात्रीचा प्रौढांचा वर्ग निघाला, त्यात तिशी उलटल्यावर ते अक्षरं शिकले. मग विहारात ग्रंथ वाचायचं काम त्यांच्याकडे आलं ते वीस-बावीस वर्षं त्यांच्याकडेच राहिलं. त्या साली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ओळीवर ओळ चढायला लागली. एका संध्याकाळी त्यांनी ग्रंथ माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “सुजे, तू वाच. अडखळायचं न्हाई.” बस्स, एवढंच. पण त्यानंतर दोन दिवस ते घरात कोणाशी बोलले नव्हते, हे मला माहीत आहे.

मी वाचायला लागले. तात्या पुढच्या रांगेत डोळे मिटून बसायचे. “एक वळ गाळलीस,” ते डोळे न उघडता सांगायचे. कधी मधेच थांबवून एखाद्या शब्दाचा अर्थ बायकांना सोपा करून सांगायचे. मी वरचा मजकूर आणि ते त्याखालची टीप, असं आमचं चालायचं. टीप हा शब्द तेव्हा माझ्या मनात नवीनच शिरला होता. तो दुसऱ्या एका पुस्तकातून शिरला होता, आणि त्या पुस्तकाविषयीच मला लिहायचं आहे.

ते मला कॉलेजच्या लायब्ररीत सापडलं. परदेशातल्या जुन्या काळच्या घोडेस्वार सरदारांच्या दंतकथा, कोणीतरी मराठीत आणलेल्या. पुढे लांबलचक प्रस्तावना, पानाखाली बारीक टिपा, शेवटी परिशिष्टं, मधेमधे ढालींची आणि खोगिरांची चित्रं. तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. लायब्ररीतले क्लार्क म्हणाले, “हे नेतेस? ने बाई. तेवढीच त्याला हवापालट.”

मला ते का आवडलं, हे तेव्हा सांगता आलं नसतं. आता थोडं सांगता येईल. वर्गात सगळ्यांना सगळं आधीपासूनच माहीत आहे असं वाटायचं. सर एखादं नाव घ्यायचे, मुलं माना डोलवायची, मीही डोलवायचे. या पुस्तकाच्या संपादकानं मात्र वाचणाऱ्याला काही माहीत नाही असंच धरलं होतं, आणि त्याबद्दल त्याचा राग नव्हता. चिलखत कसं घालतात, ते घालायला किती माणसं लागतात, सरदार जेवायला कुठल्या क्रमानं बसतात, शपथ घेताना हात कुठे ठेवतात, सगळं तो पानाच्या खाली हळू आवाजात सांगत होता. न विचारता सांगणारं माणूस मला कॉलेजात भेटलं नव्हतं, ते टिपांत भेटलं. आणि वर, टिपांच्या डोक्यावर, ती सुंदर गोष्ट चाललेली. एक तरुण सरदार राजाच्या मेजवानीत पण करतो की वर्षभर, दिवस मावळायच्या आत जो कोणी मदत मागेल त्याला मी नाही म्हणणार नाही. मग तो निघतो. नद्या, जंगलं, पूल. कोणाचा हरवलेला ससाणा शोधायचा, कोणासाठी पुलावर लढायचं. एसटीत खिडकीशी बसून मी वाचायचे आणि ओझरचा फाटा कधी गेला ते कळायचं नाही.

पण ते आवडतंय हे घरी कळू नये, असंही मला वाटायचं. आमच्या घरात राजेरजवाड्यांचं कौतुक चालत नसे. रेडिओवर असलं काही लागलं की तात्या उठून बंद करायचे. “घोड्यावर ज्यांचे आजे बसले त्यांनी ऐकावं,” असं म्हणायचे. मग मी, त्यांची नात, घोड्यावरच्या सरदारासाठी एसटीत डोळे पुसत होते, याला काय म्हणायचं? मला वाटायचं मी काहीतरी चोरून खाते आहे. एकदा वर्गात सरांनी प्रत्येकाला आवडतं पुस्तक विचारलं. मी दुसऱ्याच कुठल्यातरी पुस्तकाचं नाव सांगितलं.

चूक झाली ती तात्यांच्याच एका शिस्तीमुळे. आमच्या घरात पुस्तक उघडं ठेवत नाहीत. कुठलंही असो, पहिल्या दिवशी त्याला जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानाचं कव्हर घालायचं, पांढरी बाजू बाहेर. वर नाव लिहायचं नाही. “नाव आत असतं. उघडणाऱ्याला कळतं,” असं तात्यांचं म्हणणं. तसं मी लायब्ररीच्या पुस्तकालाही कव्हर घातलं होतं. ग्रंथ आणि ते पुस्तक, दोन्ही तेवढ्याच जाडीचे, दोन्ही पांढरे, दोन्हींत खूण म्हणून एसटीचं तिकीट.

श्रावणातली संध्याकाळ होती. पुस्तक खताच्या पिशवीत गुंडाळून मी आईबरोबर विहारात आले. वंदना झाली. माणसं पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसली. मी तिकिटाच्या खुणेवर उघडलं आणि सवयीनं आवाज चढवून वाचायला लागले, “सरदाराने लगाम खेचला आणि—”

मी थांबले. पत्र्यावर पाऊस वाजत होता. पहिली बोलली ती भागाआजी. ती तात्यांची चुलत भावजय, सत्तरीची, वस्तीतलं सगळ्यात धारदार तोंड. “मंग? थांबलीस का? कुनाचा लगाम?”

“सुजाता, हे कितवं पान?” गुरुजींनी विचारलं. गुरुजी म्हणजे आमच्या वस्तीतले निवृत्त शिक्षक. विहाराचं सगळं तेच बघत.

“पुस्तक बदललंय,” मी म्हणाले. “ग्रंथ घरी राहिला.”

परत जाऊन आणायचा म्हटलं तर कालव्याच्या पुलावरून जावं लागणार होतं, आणि दोन दिवसांपूर्वी तिथल्याच उसातून बिबट्यानं कुत्रं उचललं होतं. एकटंदुकटं जायचं नाही असं ठरलेलं. कोणी उठलं नाही. सगळे तात्यांकडे बघत होते. तात्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

“कसलं पुस्तक हाय?”

“गोष्टींचं. जुन्या... सरदारांच्या.”

“कॉलेजात लावलंय?”

हो म्हणाले असते तर सुटले असते. आमच्याकडे कॉलेजात लावलेल्याला कोणी बोट लावत नाही. पण विहारात, मूर्तीच्या समोर, ते तोंडातून निघेना. “नाही. मीच आणलंय.”

“का?”

“आवडलं म्हणून.”

गुरुजी खाकरले. “तात्या, विहारात राजेसरदारांच्या गोष्टी बऱ्या दिसत नाहीत.”

तात्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “हितं न्हाईच वाचायच्या. वंदना झाली, आज ग्रंथ न्हाई तर न्हाई. पडवीत बसा. पडवीत माणसं काय बी बोलत्यात.” आणि काठी शोधत उठले. मला वाटलं घरी निघाले. पण ते पडवीच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसले. तोंड पावसाकडे.

तसं मी पडवीत वाचलं. गोष्ट नदीकाठी आली तेव्हा भागाआजीनं विचारलं, “ह्यो पावसापान्याचा लोखंडी कापडं घालून हिंडतो, गंजत नसंल का?”

मी पान पुढे केलं. खाली टीप होती. चिलखताला तेल लावत, वाळूच्या पिंपात घालून ते गडगडवत आणि गंज काढत. मी वाचून दाखवली. आजीनं गुरुजींकडे असं बघितलं की जणू चिलखत तिनंच बनवलं होतं. “बघा. मी काय म्हनलं?”

दुसऱ्या दिवशी मी आठवणीनं ग्रंथ नेला, पाटी-दप्तरासारखा छातीशी धरून. वाचन झालं, सगळ्यांनी ‘साधु, साधु’ म्हणून साधुकार दिला, आणि मी निघणार तर बायका पडवीत बसलेल्याच. “त्या ससान्याचं काय झालं?” आई म्हणाली. माझी आई. जिनं माझ्या वहीत काय लिहिलंय असं कधी विचारलं नव्हतं, कारण विचारून तिला काय कळणार असं तिला वाटायचं.

मग ते रोजचंच झालं. आत ग्रंथ, बाहेर पंधरा-वीस मिनिटं गोष्टी. त्या पडवीतल्या वाचनासारखं वाचन मी नंतर कुठल्याही वर्गात ऐकलं नाही. भागाआजीला सरदाराच्या जेवणाची काळजी. “तीन दिस झालं, हा जेवला कवा?” राजकन्या खिडकीत उभी राहून रडते, तर आजी म्हणायची, “तिला म्हनावं खाली ये, तोड्याला बाया कमी हायेत.” आई काही बोलायची नाही, पण लढाई आली की पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. गुरुजीसुद्धा उभ्या उभ्या ऐकून जातो म्हणत रोज बसायचे. एकदा त्यांनीच प्रस्तावनेतला एक उतारा दोनदा वाचायला लावला. या गोष्टी आधी माणसं तोंडानं सांगत, मग कोणी हातानं उतरवल्या, मग छापल्या, प्रत्येकानं थोडं घातलं, थोडं गाळलं, असं त्यात होतं. “म्हणजे आपल्यासारखंच,” गुरुजी म्हणाले.

तात्या मात्र टोकाला. पाऊस बघत. ते ऐकतात की नाही ते कळायचं नाही. पुस्तक बंद करताना मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मला काही वाचता यायचं नाही.

भाद्रपदात एकदा सरदार एका वाड्यासमोर पोचला. मी वाचलं, “तो खाली उतरला. चाकराने घोडा धरला.” आणि पुढे गेले.

“कोन?” टोकाकडून आवाज आला.

“सरदार, तात्या.”

“त्यो न्हाई. घोडा धरतोय त्यो. गोष्टी-गोष्टीला त्यो घोडा धरतोय. त्याचं नाव काय?”

मी पान चाळलं. टीप बघितली. त्या पानावरच्या टिपेत खोगीर कुठल्या लाकडाचं असे ते होतं, वाड्याचा दरवाजा किती उंच असे ते होतं. “नाव दिलेलं नाही.”

“हं,” तात्या म्हणाले.

त्या ‘हं’नं माझी झोप गेली. इतके दिवस मी ते वाक्य वाचत होते. प्रत्येक गोष्टीत होतं. सरदार उतरतो, चाकर घोडा धरतो, गोष्ट आत जाते. माझीही नजर सरदाराबरोबर आत जायची. मी, जिला टिपा इतक्या आवडल्या होत्या, मला कधी त्या माणसाखाली टीप नसल्याचं दिसलं नव्हतं.

मग मी शोधायलाच लागले. एसटीत, ऑफ तासाला, चुलीपुढे. आणि सापडलं, अगदी शेवटच्या परिशिष्टात, पाठभेद म्हणून दिलेल्या बारीक मजकुरात. पाठभेद म्हणजे काय ते तिथंच कळलं. हातानं उतरवलेल्या जुन्या प्रतींत एकीत असतं ते दुसरीत नसतं. ज्या वाड्यासमोर आम्ही थांबलो होतो, त्याच जागी एका प्रतीत एक जास्तीचं वाक्य होतं. मग चाकराने ओल्या गवताने घोड्याचा घाम पुसला आणि त्याच्याशी काही बोलला. कथेला गरज नाही म्हणून संपादकानं ते वर घेतलं नव्हतं. मागे ठेवलं होतं. फेकलं नव्हतं.

मला इतका आनंद झाला की त्या संध्याकाळी ग्रंथ मी थोडा भरभरच वाचला. पडवीत आल्या आल्या सांगितलं, “तात्या, सापडला. नाव नाही, पण तो सापडला.” आणि ते वाक्य वाचलं.

“वल्या न्हाई,” तात्या म्हणाले.

“काय?”

“वल्या गवतानं न्हाई. कोरड्या. मूठभर कोरडं गवत घ्यायचं, असं पिळायचं दोरीवानी, आन् मानंपास्नं मागं, पोटाकडं. वलं लावलं तर घोड्याची पाठ धरती. ज्यानं लिवलं त्यानं घोडा पुसला न्हाई कवा.” त्यांचे दोन्ही हात हवेत होते. एक हात न दिसणाऱ्या मानेवर ठेवलेला, दुसरा मागे सरकत होता. इतके सावकाश, इतके नीट हात मी त्यांचे कधी बघितले नव्हते.

भागाआजी जमिनीकडे बघत होती. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. तात्यांना आपले हात कुठे आहेत ते मग जाणवलं असावं. त्यांनी ते खाली घेतले, काठी उचलली आणि पावसात निघाले.

“भावजी, बॅटरी तरी न्या!” आजी ओरडली. आई बॅटरी घेऊन मागे धावली.

दुसऱ्या दिवशी ते ग्रंथाला आले, पडवीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. गोष्ट पुलावरच्या लढाईच्या तोंडाशी थांबली होती, तरी मी पुस्तक उघडलंच नाही. बायकांनी कारण विचारलं नाही. माझ्या मनात एकच होतं. माझ्या आवडीपायी मी त्यांच्या कुठल्यातरी झाकलेल्या जागेवर बोट ठेवलं होतं. पुस्तक परत करायचं, आणि असलं पुन्हा आणायचं नाही.

सकाळी मी पुस्तक पिशवीत घालून निघाले, तर तात्या टोमॅटोच्या सरीत बांधणी करत होते. टोमॅटोची झाडं वाढली की सुतळीनं तारेला बांधतात. बांधणीला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात, म्हणून ते काम त्यांनी सोडलं नव्हतं.

“एसटी चुकंल,” ते म्हणाले. माझी चाहूल त्यांना ओळखू येते.

“पुस्तक परत करतेय, तात्या.”

“झालं वाचून?”

“नाही. तुम्हाला त्रास झाला त्याचा.”

त्यांनी गाठ मारली, उरलेली सुतळी दातानं तोडली. “मला पुस्तकानं काय केलंय?” आणि पुढच्या झाडाकडे सरकले. मीही सरकले. मग ते बोलले ते माझ्याकडे न बघता, झाडागणिक थोडं थोडं. मला ते सगळं एका सुरात आठवत नाही. एवढं आठवतं.

ते सोळा-सतरा वर्षांचे असताना गावात साहेब यायचा घोड्यावरून. साहेब आला की आमच्या माणसांना बोलावणं यायचं. लाकडं आणा, गवत आणा, सामान वाहा. तात्यांना घोडा धरायला लावायचे. दिवसभर. साहेब आंब्याखाली बसायचा, हे उन्हात लगाम धरून उभे. मजुरी नाही, भाकर नाही. “बिगार व्हती ती. वर शिव्या. पुढं आमी ते सोडलं. समद्या वस्तीनं सोडलं, बरं केलं. मी भाषनं केली त्यावर. लाकडावर बोललो, गवतावर बोललो, उन्हावर बोललो. घोड्यावर न्हाई बोललो.”

“का?”

त्यांनी गाठ अर्धी ठेवली. “कसं बोलू? लोक म्हनले असते, ज्या कामानं कंबर मोडली त्याची ह्याला गोडी. पन मला त्यो घोडा आवडायचा, सुजे. लई आवडायचा. साहेबानं त्याला इंग्रजी नाव ठिवलं व्हतं, ते माझ्या तोंडात बसंना. मी आपला पावणं म्हनायचो. ‘या पावणं, आज लांबनं आला.’ त्यो कान असा वळवायचा.”

त्यांनी अर्धी गाठ पुरी केली, पुढची सुतळी घेतली.

“विहिरीवर घोड्यासाठी बादली मिळायची, वरनं वतायचे. मला न्हाई मिळायची. घोडा प्यायचा, बादलीत चार घोट उरायचं, त्ये माझं. पाच कोसावनं आलेला घोडा, त्यानं बादली चाटूनपुसून प्यावी की न्हाई? पन त्यो उरवायचा. मला वाटायचं माझ्यासाठीच उरवतोय.” ते हसले. “जनावर ते. त्याला काय कळतंय. पन मला वाटायचं.”

टोमॅटोच्या पानांवर दव होतं, माझी ओढणी ओली झाली होती.

“पुस्तक आवडलं तर आवडलं म्हन,” तात्या म्हणाले. “चाकराचं नाव न्हाई, त्ये बी म्हन. दोनी म्हन. एकासाठी दुसरं गिळू नको. मी गिळलं, पन्नास वरसं.” मग काठीनं ढेकूळ बाजूला सारत, एकदम वेगळ्याच आवाजात, “आन् आजच नको दिऊस परत. त्या पुलावर कोन जिंकलं?”

एसटी चुकली. पुलावरची लढाई मी त्यांना सरीतच वाचून दाखवली. त्या पानांवर माझे हिरवे अंगठे उमटले, ते अजून लायब्ररीत असतील.

आता एम.ए.ला आहे. असल्या दंतकथांच्या आणखी दोन-तीन आवृत्त्या वाचल्या. एकीत कथा सोप्या करून घेतल्यात, एकीत संपादक इतका शहाणा आहे की टिपा गोष्टीला गिळतात. कुठली चांगली हे ठरवायची माझी एक साधी रीत झाली आहे. मी पहिल्यांदा मागे जाते, परिशिष्टात, आणि बघते की यानं काय गाळलं आणि गाळलेलं जपून ठेवलं की नाही. वर्गात मी हे बोलून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, चांगला मुद्दा आहे, कुठे वाचलात? मी म्हणाले, आमच्याकडे पडवीत. कोणाला कळलं नाही. मला समजावून सांगताही आलं नाही, अजून नीट येत नाही. या गोष्टींमधला शब्द पाळणारा तो सरदार मला अजून आवडतो. तो घोड्यावरून उतरला की मी मात्र आता त्याच्याबरोबर लगेच आत जात नाही. थोडी बाहेर थांबते. दोन्ही म्हणायला शिकते आहे.

या मे महिन्यात माझ्या चुलतभावाचं, राहुलचं लग्न झालं. नारायणगावचा बँड, आणि वरातीला घोडा. घोडेवाला नवखा असावा. वेशीजवळ कोणी फटाक्यांची माळ लावली आणि घोडा बिथरला, मागे मागे सरायला लागला. बायका किंचाळल्या. राहुलनं फेटा सावरायचं सोडून खोगीर दोन्ही हातांनी धरलं आणि पुढे वाकला. घोडेवाला लगाम हिसकत होता, त्यानं घोडा आणखीच बिथरत होता.

गर्दीतून तात्या पुढे गेले. नवा चष्मा, इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी घोडेवाल्याच्या हातातून लगाम काढून घेतला, हिसका न देता, आणि दुसरा हात घोड्याच्या मानेवर ठेवला. तसेच उभे राहिले. किती वेळ ते माहीत नाही, बँडवाले थांबून बघत होते. घोड्यानं एकदा मान झटकली, मग खाली घेतली.

गुरुजी घाईनं जवळ गेले. हळूच म्हणाले, “तात्या, सोडा आता. माणूस आहे त्या कामाला. तुम्ही कशाला?” त्यांच्या आवाजात काय होतं ते मला कळलं. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांनाच कळलं असणार. भागाआजीनं पदर तोंडाला लावला.

“असू द्या, गुरुजी,” तात्या म्हणाले. त्यांनी लगाम सोडला नाही. बँडवाल्यांना मानेनं खूण केली, आणि घोडा चालू लागला. तात्या त्याच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे. विहारापर्यंतचा सगळा रस्ता.

मधेच त्यांनी मान वर करून राहुलकडे बघितलं. तो अजून वाकलेलाच होता, खोगिराला चिकटून.

“ताठ बस, राहुल,” तात्या बँडच्या वरताण ओरडले. “घोडा मी धरलाय.”